उंदराचा वास धुतल्याशिवाय वायर जोडू नका

पत्र: सप्रेम नमस्कार. आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. यजमानांना आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यावं लागतं. गाडी छोटी, पेट्रोलची, सहा वर्षांची. ती गोठ्याला लागून असलेल्या पडवीत उभी असते. तिथेच भाताची पोती आणि पेंढा. जूनपासून उंदरांनी तीन वेळा वायरी कुरतडल्या. दोन वेळा इथल्या इलेक्ट्रिशियनने जोडून टेप मारून दिली. मागच्या शुक्रवारी निवळीच्या घाटात गाडी धक्के खाऊ लागली, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी बंद पडली. यजमान गाडीतच होते. आता मोठ्या वर्कशॉपने इंजिनचं पूर्ण वायरिंग बदलायचे 42 हजार सांगितलेत. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो, सहाच वायरी गेल्यात, चार इंजिनवरच्या आणि दोन पंख्याच्या, अडीच हजारांत जोडून देतो. पुण्याहून मुलगा म्हणतो, हल्लीच्या वायरी सोयाबीनच्या असतात, उंदीर येणारच. मी औषधाच्या वड्या टाकल्या होत्या, पण सासूबाई म्हणतात जीव मारू नका. मुलगीही दहा महिन्यांचं बाळ घेऊन आली आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, पत्र वाचून होताच आधी त्या वड्या उचला. हातात पिशवी घालून, मोजून. किती टाकल्या आणि किती सापडल्या ते जुळवा, कारण उंदीर वडी जागच्या जागी खातोच असं नाही, ओढून दुसरीकडेही नेतो. घरात रांगतं बाळ आहे, ते दिसेल ते तोंडात घालणार. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच वड्यांचं विष रक्त गोठू देत नाही आणि त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे ‘बाळ तर खेळतंय’ यावर विसंबता येत नाही. शंका जरी आली तरी औषधाचं पाकीट बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठायचा, घरी उलटी काढायला जायचं नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नका, तिच्यावर उतारा नाही.

गाडीच्या बाजूनेही विषाने काही साधत नाही. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो आडोसा शोधतो, आणि तुमच्या पडवीत सगळ्यात उबदार आडोसा म्हणजे गाडीच. डॅशबोर्डच्या मागे मेलेला उंदीर काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागलेला मी पाहिला आहे. आणि तो बाहेर मेला तर मांजर नाहीतर गव्हाणी घुबड त्याला खातं. घुबड म्हणजे तुमच्या भाताचा राखणदार, तोच त्या विषाने जातो. या बाबतीत सासूबाईंचं म्हणणं मला पटतं.

आता तुमचा खरा प्रश्न. अडीच हजार की 42 हजार, हे विचारण्याआधी गाडी तिसऱ्यांदा का कुरतडली गेली ते बघायला हवं. दोन्ही वेळा वायर जोडली, पण उंदराचं घर कोणी बघितलं का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

कराडला माझं गॅरेज होतं तेव्हा चिपळूणकडून घाट चढून एक गाडी यायची. पहिल्या वेळी मी दोन वायरी जोडल्या आणि गाडी दिली. महिन्याभरात ती परत दारात. मग बॅटरी काढली. बॅटरीच्या ट्रेमध्ये मूठभर काजूबियांची टरफलं आणि एक अर्धवट कुरतडलेली आंब्याची कोय. पुढच्या काचेखालची प्लास्टिकची पट्टी उचलली, तर एसीच्या हवेच्या वाटेवर वाडग्याएवढं घरटं. बॉनेटच्या आतल्या गादीचा कापूस, पेंढ्याच्या काड्या आणि लग्नपत्रिकेचे लाल-सोनेरी तुकडे. खाली इंजिनच्या एका बाजूने काळपट, तेलकट पट्टा चाकापासून थेट त्या घरट्यापर्यंत गेलेला, बोटाने पुसला तर उग्र वास. ती त्या उंदराची रोजची वाट होती. त्याच वाटेवर माझ्या दोन नव्या जोडांपैकी एक पुन्हा सोललेला होता.

उंदीर मुताच्या आणि अंगाच्या वासावर वाट ठेवतो. एक गेला तरी दुसरा त्याच वासावर येतो. वास गाडीत राहिला की गाडी ही त्यांची ओळखीची जागा होऊन बसते. म्हणून वायर जोडायच्या आधी गाडी आतून धुवायची. तुमच्या दोन्ही दुरुस्त्यांत हेच राहून गेलं असावं.

धुण्याची रीत मात्र नीट पाळा, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. कोकणात पावसाळ्यात हा आजार असतोच. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. यजमानांच्या किडन्या आधीच अधू, त्यामुळे त्यांना या कामापासून आणि साफ होईपर्यंत गाडीपासूनही लांब ठेवा. रबरी हातमोजे, नाकातोंडावर मास्क, पायात बंद चप्पल किंवा गमबूट. कोरडं झाडायचं नाही, हवेचा पाइप मारायचा नाही, त्याने सगळं नाकात जातं. एक भाग ब्लीच आणि नऊ-दहा भाग पाणी असं मिश्रण करून लेंड्या, घरटं आणि ती काळपट वाट ओली करा, दहा मिनिटं थांबा, मग कागदाने पुसून पिशवीत बांधा. वायरींच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगवर) आणि धातूवर ब्लीच राहू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडलेली असायला हवी. एसीचा केबिन फिल्टर काढून बघा. त्यावर लेंड्या दिसल्या तर तो धुवायचा नाही, फेकायचा. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत घरात कुणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना उंदरांचं आवर्जून सांगा.

लेंड्या फेकण्याआधी एकदा आकार बघून ठेवा. बडीशेपेच्या दाण्याएवढ्या आणि टोकदार असतील तर घरातला छोटा उंदीर. बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढ्या असतील तर मोठा उंदीर, त्याहून जाड म्हणजे घूस. छोट्या उंदराला आत शिरायला 6 मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याचं पिल्लू 12 मिलिमीटरमधून येतं. पुढे जाळी घ्यायची तेव्हा हे कामाला येईल.

मुलाला सांगा, सोयाबीनचा मुद्दा तपासून बघ. जमिनीवर, गाडीच्या खाली वायरीच्या आवरणाचे बारीक तुकडे पडलेले दिसतील. उंदीर वायर खात नाही, कुरतडून टाकतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला काहीतरी चावावंच लागतं. सोयाबीनचं नावही नव्हतं तेव्हाच्या पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या वायरीही मी जोडल्या आहेत. वायर कशाची हे आपल्या हातात नाही. गाडी कुठे उभी आहे, हे आहे.

आता दुरुस्ती. माझं मत स्पष्ट सांगतो: सहा वायरींसाठी पूर्ण वायरिंग बदलायची गरज दिसत नाही. पण याआधी दोनदा झाली तशी टेपची दुरुस्तीही पुन्हा नको. घाटात गाडी बंद पडली ती बहुधा त्या जुन्या जोडांमुळे किंवा न सापडलेल्या जखमेमुळे. साधी काळी इन्सुलेशन टेप इंजिनच्या उष्णतेत सुटते, तिचा गोंद पातळ होऊन ओघळतो, आणि कोकणच्या दमट हवेत पिळलेल्या उघड्या तांब्यावर महिन्याभरात हिरवा गंज चढतो. वायर वरून जोडलेली दिसते आणि आतून करंट जात नाही.

तुमच्या इलेक्ट्रिशियनला बसवून पुढचं वाचून दाखवा. तो जुना, ओळखीचा माणूस आहे आणि सहा वायरी त्याने दाखवून दिल्या, म्हणजे लक्ष देऊन बघणारा आहे. त्याला योग्य सामान आणि पूर्ण दिवस द्या.

तुटलेली वायर सगळ्यांना दिसते. त्रास देते ती अर्धी सोललेली. उंदराच्या दातांच्या दोन समांतर रेघा, मध्ये तांबं चमकतंय, पण वायर शाबूत. अशा दोन वायरी एकमेकींना लागल्या की शॉर्ट. म्हणून जिथे एक जखम आहे तिथून दोन्ही बाजूंनी हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, जुनी टेप आणि पन्हाळी स्लीव्ह हातभर उघडून बघायची, खालची बाजू आरशाने. जुने दोन्ही जोड कापून नव्याने करायचे. नवी वायर मूळ वायरीच्याच जाडीची आणि गाडीच्या कामाची, घरच्या फिटिंगची नको. रंग जुळवता आला तर उत्तम, पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत घालून, दाबून) किंवा सोल्डर मारून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, ती गरम करून दोन्ही टोकांना गोंद बाहेर आलेला दिसेपर्यंत. इंजिनवरचे चारही जोड एकाच जागी आणायचे नाहीत, थोडे मागे-पुढे ठेवायचे, नाहीतर तिथे गाठ होते आणि ती घासत राहते. शेवटी हार्नेसची कापडी टेप आणि नवी पन्हाळी स्लीव्ह.

पंख्याच्या दोन वायरी जाड आहेत, त्यांतून मोठा करंट जातो. तिथे सैल जोड म्हणजे नुसती उष्णता. तो जोड दाबूनच क्रिंप केलेला हवा. फ्यूज पुन्हा उडाला तर मोठ्या आकड्याचा फ्यूज टाकू देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी अजून एक जखम आहे, आणि मोठा फ्यूज लावला की फ्यूजऐवजी वायर पेटते. पंखाच बंद राहिला तर घाटात इंजिन तापणार, हेही लक्षात असू दे.

काही वायरींना मात्र इलेक्ट्रिशियनने हात लावायचा नाही. पिवळ्या कपलरच्या किंवा पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्या जोडायच्या नसतात, तेवढा भाग बदलायचा असतो. सायलेन्सरच्या पाइपवर बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरींना सोल्डर चालत नाही, कारण पुष्कळ सेन्सर त्या वायरीच्या आतूनच हवा घेतात. तिथे क्रिंपच. आणि बारीक दोन वायरी एकमेकींभोवती पिळून गेलेल्या दिसल्या तर गाडीतले कॉम्प्युटर त्यांच्यावर आपसात बोलतात. पीळ आहे तसा ठेवून जोडायचं. बॅटरी सोडून त्या दोघींच्या मध्ये मीटर लावला तर बहुतेक गाड्यांत साधारण 60 ओहम दाखवायला हवा. 120 दाखवला तर त्या दोन वायरींपैकी एक कुठेतरी तुटलेली आहे.

वर्कशॉपलाही एक प्रश्न विचारा: पूर्ण वायरिंग न बदलता इंजेक्टरचा किंवा पंख्याचा छोटा हार्नेस वेगळा मिळतो का? पुष्कळ गाड्यांचा मिळतो. कपलरच्या तोंडापाशीच वायर कुरतडली असेल तर शेपटीसकट नवा कपलर घालणं जोडण्यापेक्षा चांगलं. उघडल्यावर सहाच्या दहा-पंधरा वायरी निघाल्या, किंवा जखमा कपलरच्या आत असल्या, तर मात्र मीही पूर्ण हार्नेस बदला असंच म्हणेन.

हे सगळं करायला अडीच हजारांपेक्षा जास्त लागतील, सामानच तेवढं आहे. ते द्या. एकच अट घाला: टेप गुंडाळायच्या आधी प्रत्येक जोड मला दाखवायचा. मोबाइलवर फोटो काढा. मग इंजिन चालू ठेवून हार्नेस हाताने हलवायचा. आवाज बदलला तर जोड सैल. शेवटी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे जुने कोड काढायचे आणि वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत दोन फेऱ्या मारून पुन्हा स्कॅन.

वायरींच्या नादात रबरी पाइप विसरू नका. पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा होज, काच धुण्याच्या पाण्याची नळी, सगळ्यांवरून हात फिरवायचा. पेट्रोलचा वास येत असेल तर किल्लीला हातही लावायचा नाही.

विम्याचं थोडक्यात. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातलं काही मिळत नाही. पूर्ण पॉलिसी असेल तर उंदरांच्या नुकसानीबद्दल कंपनीला आधी कळवून विचारा, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही उघडू नका. पण दुरुस्ती पाच-सहा हजारांत होणार असेल तर क्लेमचा नाद सोडा. तुमच्या छोट्या गाडीला 1,000 रुपये खिशातून जातातच, प्लास्टिक-रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, आणि पाच वर्षं क्लेम न केल्याने साठलेला 50 टक्क्यांपर्यंतचा नो क्लेम बोनस एका फटक्यात जातो. 42 हजारांची वेळ आली तर गणित वेगळं.

आता पडवी. तुम्ही गाडी धान्याच्या कोठारात लावताय, ताई. भात कापणी झाली की शेतातला उंदीर घराकडे वळतो, आणि त्याला पोती, पेंढा आणि गरम इंजिन एकाच छपराखाली मिळतं. दोन्हीपैकी एक हलवा. पोती हलवणं जड असेल तर गाडी हलवा, खळ्यात उघड्यावर लावली तरी चालेल. वर ताडपत्री टाकू नका, तिच्याखाली पुन्हा अंधार. तेही जमत नसेल तर भात पत्र्याच्या कोठ्यांत झाकणाखाली भरा, आणि गाडीभोवती दोन हात जागा स्वच्छ, मोकळी ठेवा. उंदीर भिंतीच्या कडेने, आडोशाने चालतो, मोकळी जमीन ओलांडायला बिचकतो. कुत्र्याचं ताट आणि गुरांच्या आंबोणाचं घमेलं रात्री तिथे नको. यजमानांसाठी गाडीत बिस्किटं ठेवत असाल तर घरी आल्यावर ती काढा.

रात्री बॉनेट उघडं ठेवून वर एक छोटा एलईडी बल्ब लटकवा. बिनखर्चाच्या उपायांमध्ये माझा सगळ्यात जास्त विश्वास यावर आहे, कारण उंदराला हवा असलेला अंधार आणि आडोसा दोन्ही जातात. बॉनेट उघडं असताना गाडीतला एखादा दिवा जळत राहतो का, तेवढं बघा. गाडी लावताना एसीचं बटण आतली हवा फिरवण्यावर ठेवा, बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या हवेची झडप त्याने बंद होते. काचेखालच्या त्या हवेच्या वाटेवर 6 मिलिमीटरची लोखंडी जाळी बसवून घ्या, प्लास्टिकची नको. इंजिनच्या स्वतःच्या हवेच्या नळीवर मात्र घरगुती काही लावू नका. आणि मंगळवार ते शुक्रवार मधे एकदा तरी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणा. सतत हलणाऱ्या जागेत मादी सहसा पिल्लं घालत नाही.

बाकी उपायांवर फार पैसे घालवू नका. आवाजाची यंत्रं उंदरांच्या सवयीची होतात, शिवाय तो आवाज अडथळ्यापलीकडे जात नाही आणि इंजिनच्या खोलीत सगळे अडथळेच. डांबरगोळ्यांची वाफ एसीतून आत येते, बाळ आणि आजारी माणूस बसणाऱ्या गाडीत त्या नकोतच. मिरचीपूड टाकाल तर पंख्याच्या हवेने ती डोळ्यांत येईल. तंबाखूची पानं दहा दिवस बरी वाटतात, मग वाळतात, आणि सायलेन्सरवर पडली तर पेटतात. तिखटाचा अर्क असलेली एक टेप होंडा कंपनी विकते. ती मिळाली तर नव्या जोडांवरून गुंडाळायला चांगली आहे.

आणि सासूबाई. त्यांना सांगा, यातलं बहुतेक काम एकही उंदीर न मारता होतं. खायला नाही आणि लपायला नाही म्हटल्यावर तो स्वतःच जागा बदलतो. जे एक-दोन उरतील त्यांच्यासाठी तारेचा पिंजरा, आत सुकट किंवा तळलेलं भजं. उंदीर नव्या वस्तूला भितो, म्हणून पहिले तीन-चार दिवस दार बांधून ठेवा, आत येऊन खाऊ दे. मग सापळा लावा. चिकट पट्ट्या आणू नका, त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास तडफडतो, आणि पाली, पक्षीही चिकटतात. पिंजऱ्यातला उंदीर वाडीच्या कडेला सोडलात तर तो परत येईल. ओढ्यापलीकडे, वस्तीपासून लांब सोडा, आणि तेही गाडी-पडवी नीट झाल्यावर.

तोपर्यंत या मंगळवारी यजमानांना त्या गाडीतून नेऊ नका. इंजिनचा दिवा लुकलुकतो म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतोय. तसंच चालवलं तर वायरींच्या पुढचा, मोठा खर्च उभा राहील, आणि निवळीच्या घाटात तुम्ही पुन्हा एकट्या पडाल. वाडीतल्या कुणाची गाडी किंवा रिक्षा आजच सांगून ठेवा, परतीच्या वेळेसकट. तुमची गाडी शुक्रवारी काढा, दोन फेऱ्यांनंतरचा स्कॅन साफ आला तर.